मुदत संपलेली गाडी

आमचा संसार आणि आमची गाडी यांत धाकटी गाडी. पण कागदोपत्री आधी म्हातारी झाली तीच. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे आर.टी.ओ.त नेऊन, तिथल्या साहेबांना गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं आयुष्य मागून घ्यायचं. अर्ज मुदतीआधी ६० दिवसांपासून करता येतो. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टी माणूस करत नाही, एवढंच.

कोल्हापूरहून गोव्याला निघालो. फोंडा घाट उतरून कणकवलीला चहा घेतला आणि समोरच्या खणात आल्याच्या वड्या शोधताना सौभाग्यवतींच्या हाती आर.सी. बुक लागलं.

"अहो, हे अकरा दिवसांपूर्वीच संपलंय की!"

म्हणजे राधानगरीत मी निष्पाप होतो आणि कणकवलीत गुन्हेगार झालो. गाडी तीच, गुन्हाही तोच.

"अगं, कागद संपला म्हणून गाडी संपते का? ब्रेक तेच, मीही तोच." माझ्यातला तत्त्वज्ञ जागा झाला. (हॉटेलला दिलेला ॲडव्हान्स परत मिळणार नव्हता. पुष्कळ तत्त्वज्ञानांच्या तळाशी असा एखादा ॲडव्हान्स असावा.)

"आणि कुणाला धक्का लागला तर? विमावाले आधी ही तारीख बघतील. त्या बिचाऱ्यानं मग कुणाच्या दारात जायचं?"

मी गप्प झालो. आतापर्यंत हा मामला मी आणि सरकार यांच्यातला, असा माझा समज होता. त्यात हा तिसरा माणूस येऊन बसला. सावंतवाडीपर्यंत दिसेल तो सायकलवाला मला तोच वाटे आणि मी गाडी तिसावर आणी. खाकी कपडा दिसला की वीसावर. एकदा तो पोस्टमन निघाला.

बांद्याच्या पुढे पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही नि:शस्त्र, उघडपणे ही हद्द ओलांडायला गेले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्या त्यांनी छातीवर झेलल्या. तिथं हुतात्म्यांचं स्मारक आहे. कायदा त्यांनीही मोडला होता, मीही मोडत होतो. फक्त ते छाती पुढे काढून गेले होते आणि मी आर.सी. बुक सीटखाली सारून.

तेवढ्यात पोलिसाचा हात आडवा झाला. माझ्या तोंडाला कोरड पडली. सगळं कबूल करून टाकावं, दंड भरावा, मोकळं व्हावं, असा एक फार उदात्त विचार मनात आला.

"साहेब, म्हापशाला चाललात? सोडता का जरा?"

पोलीसदादा मागे बसले. एकदम हायसं वाटलं. आता कोण अडवणार होतं आपल्याला? मी शीळ घातली. काटा साठावर गेला, सत्तरावर गेला.

सौभाग्यवती समोर बघत हळूच म्हणाल्या, "अहो, सायकलवाला आहे पुढे."