मार्कंडेयाचा डोंगर

नाशिक जिल्ह्यातील सातमाळा रांगेत उंच शिखरांची वाण नाही. धोडप तेथेच, सप्तशृंगीचा गडही तेथेच. आणि गडासमोर, मधली खिंड ओलांडली की, त्याहून ठेंगणा असा मार्कंडेयाचा डोंगर आहे. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची कुलस्वामिनी सप्तशृंगी. परंतु गडावरून परतताना समोरच्या डोंगरावर पाऊल ठेवणारा विरळाच.

परंपरा सांगते की, मार्कंडेय ऋषींनी ह्या डोंगरावर बसून देवीचे माहात्म्य गाइले, आणि ते ऐकण्यासाठी भगवतीने मान किंचित कलती केली. कड्यात कोरलेली ती अठरा हातांची मूर्ती आजही तशीच कान देऊन उभी आहे. साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ म्हणून ज्या गडाची थोरवी, त्या गडाच्या स्वामिनीचे लक्ष समोरच्या निर्जन माथ्याकडे असावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

कोणी पाहत नसता केलेली उपासना आणि चारचौघांत केलेली उपासना ह्यांत भेद आहे काय? कित्येक म्हणतील, देवाला दोन्ही सारख्याच. देवाला असतील; करणाऱ्याला नाहीत. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली. त्याबद्दल नाक मुरडणे आम्हांस मान्य नाही. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून आजीबाईंनी का दर्शनास मुकावे? पण मार्कंडेयाकडे स्वतःच्या पायांनीच जावे लागते. सोमवती अमावास्येस तेथे भाविक जमतात. एरवी कातळात खोदलेली पाण्याची टाकी, ऋषींचे लहानसे देऊळ आणि वारा. आपण वर आलो, हे सांगावयास कोणी भेटत नाही. मग आपण कशासाठी चढलो, हे ज्याचे त्यालाच विचारावे लागते.

देवळाच्या ओसरीवर वाढलेल्या आम्हांस हाच प्रश्न नवरात्रात दिसतो. आरतीला सभामंडप अपुरा पडतो. सप्तशतीचे तेरा अध्याय चालू असताना मात्र दोन-तीन वृद्धा आणि खांबाशी पेंगणारे एखादे मूल. वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. एखादा श्लोक गाळला तर कळणार कोणाला? तरी तो गाळीत नाही. आरतीची गर्दी खोटी, असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून देवळाच्या समईत तेल कोठून येणार? परंतु पाठाला बसणारा उद्या उठून गेला, तर आरती कशाची करावयाची?

गडावर जाणाऱ्या तरुण सभासदांनी पुढल्या खेपेस एक दिवस अधिक हाताशी ठेवावा. पहाटे निघावे, पाणी बरोबर घ्यावे. माथ्यावर बसले की समोर सप्तशृंगीचा कडा उभा असतो.