पथ्य कुणाचं?

जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णाला औषधं लिहून झाली की डॉक्टर म्हणतात, ‘आता राहणीमान बदला.’ सल्ला योग्यच असतो, पण तो सगळा रुग्णाला एकट्याला उद्देशून असतो: विडी सोडा, चाला, वजन उतरवा. मधुमेह्याचं ताट वेगळं वाढता येतं. हवा मात्र वेगळी वाढता येत नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याला असं एकट्याला सांगून चालतं. फ्लेचर आणि पेटो या संशोधकांनी 1977 मध्येच दाखवून दिलं होतं की धूम्रपान सोडल्याने फुप्फुसांची गेलेली ताकद परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. म्हणजे उशिरा सोडली तरी फायदाच. पण 2009 मध्ये संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की जगभरच्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधी धूम्रपान केलेलंच नाही. चुलीपुढे उभा जन्म काढलेल्या आपल्या बायका यातल्याच. त्यांना कोणती सवय सोडायला सांगणार? तो धूर घराच्या दोन वेळच्या जेवणाचा होता.

उज्ज्वला योजनेतून 2016 पासून गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरी टाकी भरायला पैसे लागतात, सरपण गोळा करून आणता येतं. शिवाय भाकरी चुलीवरचीच हवी असते आणि आंघोळीचं पाणी बंबातच तापतं. रात्री दारं-खिडक्या लावून डासांची कॉइल पेटते. 2003 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं मोजलं गेलं. पहाटे देवापुढे धूप. आणि या सगळ्यात रुग्ण तेवढा पथ्यावर!

दुसरी चूक मायेपोटी होते. दम लागतो म्हणून घर आजारी आईला बसवून ठेवतं. ‘आई, तुम्ही उठू नका, मी आणते पाणी.’ बसून बसून पायांतलं बळ जातं आणि दुबळे स्नायू थोड्याशा कामालाही जास्त श्वास मागतात. काल अंगणापर्यंत गेल्यावर लागणारा दम आज उंबऱ्यातच लागतो, म्हणून ती आणखी बसते. पल्मनरी रिहॅबिलिटेशन हा उपचार नेमकं हेच चक्र मोडतो. देखरेखीखाली सहा ते आठ आठवडे चालणं आणि हातापायांचे व्यायाम. त्यानंतरही स्पायरोमेट्रीतला, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या चाचणीतला, आकडा फारसा हलत नाही, पण माणूस जास्त लांब चालतो आणि त्याला धाप कमी लागते. सुधारणा म्हणायची ती हीच.

दम भरला की ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवतात. त्याने श्वासनलिका मिटत नाहीत आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडते. आयुष्यभर फुंकणी हाताळलेल्या बाईला ओठांची ही ठेवण शिकवावी लागत नाही. जोर तेवढा काढून टाकायचा: श्वास नाकाने घ्यायचा आणि घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहायचा.

यातलं काहीही पंपाची (इनहेलरची) जागा घेत नाही. ‘पंप लागला की सुटत नाही’ हे घराघरांतलं वाक्यसुद्धा बदलण्याच्या यादीत हवं. पंपातलं औषध थेट श्वासनलिकांत पोहोचतं, म्हणून त्याची मात्रा गोळीच्या मानाने फार कमी पुरते.

तेव्हा डॉक्टरांनी सल्ला द्यावा तो रुग्णाला घेऊन आलेल्या मुला-सुनेलाही. बंब घरापासून लांब नेणं, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावणं, संध्याकाळी आईच्या चालीने तिच्यासोबत चालणं, यातलं काहीच तिच्या एकटीच्या हातात नाही. पूर्वी एका पोराला गोवर-कांजिण्या निघाल्या की घरात फोडणी बंद व्हायची आणि सगळे मुकाट्याने बिनफोडणीचं जेवायचे. त्यामागची समजूत आता कुणी मानत नसेल, पण एकाच्या आजाराचं पथ्य अख्ख्या घराने पाळायची रीत आपल्याला नवी नाही.