साखर सुटली, गोडी सुटली का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या दत्तजयंतीची गोष्ट. मार्गशीर्ष पौर्णिमेची संध्याकाळ. दत्तजन्माचा पाळणा झाला, फुले उधळली, आरती झाली आणि सुंठवड्याचे ताट रांगेतून फिरत माझ्यापुढे आले. मी हात मागे घेतला. वाटणारा पोरगा म्हणाला, "आजोबा, प्रसाद हाय, घ्या ना." मी म्हटलं, "मला साखर चालत नाही बाबा." शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, प्रसादाला नाही म्हणू नये. प्रसादानं कुठं साखर वाढती का?"

मी काही बोललो नाही. पण खरे सांगायचे तर त्यांच्या बोलण्यापेक्षा दुसरीच एक गोष्ट मला टोचली. माझा हात मागे आला होता, डोळे मात्र त्या ताटाबरोबर रांगेच्या शेवटापर्यंत गेले. घरी येताना मनात एकच प्रश्न होता. मी साखर सोडली आहे, की साखरेने मला अजून धरून ठेवले आहे?

वाचकहो, हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. आपल्या मंदिरात गुरुवारच्या आरतीला येणारे आपण बहुतेक साठी ओलांडलेले. कुणाला मधुमेह, कुणाचे गुडघे वजनाने गेलेले. प्रत्येकाला डॉक्टरांनी काहीतरी सोडायला सांगितलेले आहे. म्हणून माझीच गोष्ट मांडतो.

दोन वर्षांपूर्वी पाय बधिर होतात म्हणून तपासणी केली, तर रक्तात साखर निघाली. वजन चौऱ्याऐंशी किलो. डॉक्टरांनी विचारले, "गोड किती खाता?" मी म्हटलं, "सणावारी." ते म्हणाले, "आणि चहा?" तेव्हा पहिल्यांदा हिशेब केला. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे. एका चमच्यात साधारण चार-पाच ग्रॅम धरले तरी दिवसाची चाळीस-पन्नास ग्रॅम, म्हणजे महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर माझ्या एकट्याच्या पोटात, तीही नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी, ते उत्तम. ही मर्यादा मी दुपारच्या आतच ओलांडत होतो.

आपल्या लहानपणी असे नव्हते. तेव्हा साखर सोडावी लागत नसे, कारण ती नव्हतीच. रोजचा चहा गुळाचा. साखर रेशनवर मिळायची आणि आई ती डब्यात घालून फडताळात वर ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळात मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली आपली पिढी. त्यातूनच बहुधा गोडाची एक भूक मनात राहून गेली. पुढे हातात चार पैसे आले, गावोगाव कारखान्यांची साखर आली आणि आपण त्या जुन्या उपासाची भरपाई करत बसलो. पोट कधीच भरले होते, मन भरले नव्हते.

तर मी साखर सोडली. एका गुरुवारी, महाराजांपुढे नारळ ठेवून. पहिले आठ दिवस उत्साहात गेले. नंतर डोके दुखू लागले, चिडचिड होऊ लागली. बिनसाखरेचा चहा कडू काढ्यासारखा लागे. दुपारी चार वाजले की जीव कासावीस. चौकातल्या हॉटेलावरून जाताना जिलबीची कढई दिसली की पाय जड होत. आणि एक विचित्र गोष्ट झाली. ज्या साखरेचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता, तिचाच विचार दिवसभर होऊ लागला.

पुढचे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. एका गुरुवारी नैवेद्याचे पेढे देवघरात झाकून ठेवले होते. रात्री सगळे झोपल्यावर मी उठलो आणि दिवा न लावता, उभ्या-उभ्या चार पेढे खाल्ले. ज्या महाराजांपुढे नेम घेतला, त्यांच्याच पुढ्यात, चोरासारखे. पहिला पेढा गोड लागला. दुसराही लागला. तिसऱ्या-चौथ्याची चवसुद्धा कळली नाही, फक्त हात चालू होता.

सकाळी सूनबाईने डबा पाहिला. ती काही बोलली नाही. ते न बोलणे मला फार लागले.

त्या दिवसांत मी भागवताचा अकरावा स्कंध पुन्हा काढला. अवधूताने यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून दिली, ते सातवा ते नववा हे अध्याय. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. आपल्या गोदेच्याच वरच्या अंगाला, पैठणला राहणारे नाथ. त्यांनी ते आपल्या बोलीत आणून ठेवले म्हणून माझ्यासारख्याला कळते. या चोवीस गुरूंत एक मासा आहे. गळाला लावलेल्या आमिषाच्या चवीपायी तो प्राण गमावतो. हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच्या पुढचे मी इतकी वर्षे वाचूनही पाहिले नव्हते. अवधूत म्हणतो, अन्न सोडले की बाकीची इंद्रिये लवकर ताब्यात येतात, जीभ मात्र येत नाही. उपाशी माणसाची जीभ उलट वाढते. आणि जोवर ती जिंकली नाही, तोवर बाकी सारे जिंकूनही काही जिंकले नाही.

मी पोथी मिटली. माझ्या चार पेढ्यांची हकीकत महाराजांनी आधीच लिहून ठेवली होती!

म्हणजे नुसते सोडणे हे उत्तर नाही. मग सोडूच नये काय? तसेही नाही, माशाने गळ गिळावा असे अवधूत कुठे म्हणत नाही. मग करावे काय? इथे मला गुरुचरित्राचा छत्तिसावा अध्याय आठवला. गाणगापुरात एक गरीब ब्राह्मण होता. परान्न घ्यायचे नाही, हा त्याचा नेम. गावात समाराधना व्हायच्या, पक्वान्ने व्हायची आणि त्याच्या बायकोचा जीव तिकडे ओढ घ्यायचा. नवरा ऐकेना, तेव्हा ती श्रीनृसिंहसरस्वतींकडे गेली. स्वामींनी तिला झिडकारले नाही. हसले आणि नवऱ्याला बोलावून सांगितले की तिच्या मनासारखे कर. दोघे पंगतीला बसली. जेवता जेवता तिला दिसले की कुत्री आणि डुकरे त्याच अन्नात तोंड घालताहेत. ती उठली. त्यानंतर ती ओढ राहिली नाही.

या अध्यायात पुढे गृहस्थाचा आचार विस्ताराने आला आहे, तो आपण जाणता. मला मात्र स्वामींची रीत मोलाची वाटली. त्यांनी वासनेला दाबले नाही आणि लाडावलेही नाही. तिला जवळून बघायला लावले. त्या गोष्टीत नेम नवऱ्याचा आणि वासना बायकोची. माझ्या घरात दोघेही माझ्याच अंगात राहतात, एवढाच फरक.

मग मीही बघायला लागलो. दुपारी चारला जी ओढ येते, ती भूक आहे की दुसरे काही? भुकेल्याला भाकरी चालते. मी स्वतःला विचारायचो, आता ज्वारीची भाकरी आणि वरण पुढे आले तर खाशील का? 'हो' आले तर भूक खरी, जेवायची वेळ झाली. 'नको, गोडच हवं' आले तर ती जिभेची मागणी. अशा वेळी पाणी पितो, ओसरीवर बसून दत्तनामाची एक माळ ओढतो. ओढ जात नाही, खोटे कशाला बोलू? पण चढते तशी उतरते. माळ संपेपर्यंत बहुतेक वेळा तिचा जोर ओसरलेला असतो. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. त्या बाईची वासना एका पंगतीत संपली. माझी संपली नाही. गृहस्थाला हे रोजच करावे लागते, जशी रोज पूजा करावी लागते.

भूक आणि जिभेची मागणी यांतला हा भेद आपल्या भागात अनेकांनी करून पाहिला आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून, खरी कडक भूक लागते अशा दोनच वेळा ओळखून पंचावन्न मिनिटांत जेवण संपवावे आणि मध्ये काही खाऊ नये, असा प्रचार केला. कुणी त्याने बारीक झाले, कुणाला मानवले नाही, काही आहारतज्ज्ञ थोडे-थोडे खा म्हणतात. तो वाद जाणकारांचा. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये, एवढे मात्र पक्के.

दोन-तीन फसव्या वाटा सांगतो, मी त्यांतून गेलो म्हणून. साखर सोडून गूळ धरला तर ते सोडणे नव्हे. गुळात बहुतांश साखरच असते. मधाचेही तेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे भरपेट खाल्ले तर रक्तात शेवटी साखरच होते. आणि तपासणीच्या आधी आठ दिवस पथ्य करून डॉक्टरांना फसवता येत नाही, कारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आता निघाली आहे. उलट, गोळी घेतल्यावर जेवण चुकले आणि घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. तेव्हा साखर हेच औषध आहे. 'माझा नेम आहे' म्हणून बसणारा नेमाचाही अर्थ चुकतो. नेम देहासाठी घेतला होता, देह नेमासाठी नव्हे.

आता सगळ्यात मोठी चूक सांगतो. साखर सोडल्यावर मी घरात सगळ्यांवर खेकसू लागलो होतो. नातवाने बिस्किट खाल्ले की व्याख्यान. सौ.ने नैवेद्याला खीर केली की माझे तोंड वाकडे. आल्यागेल्याला सांगत सुटायचो, "मी साखरेला शिवत नाही." एक दिवस सौ. म्हणाली, "अहो, साखर चहातली सोडायची होती, जिभेवरची नाही."

मी गप्प झालो. जीभ एकच, कामे दोन, चव घेणे आणि बोलणे. मी एका कामाला लगाम घालून दुसऱ्याला मोकळे सोडले होते. मग जिंकले काय? अभिमान हीसुद्धा एक गोडीच आहे आणि ती साखरेपेक्षा लवकर चढते. त्या दिवसापासून मी माझी एक खूण ठरवली. आपण सोडलेली वस्तू दुसरा आपल्यासमोर आनंदाने खातो आहे आणि आपल्याला ना हाव सुटते, ना त्याचा राग येतो, तेव्हा ती खरी सुटली म्हणायची. मी तिथे पोचलो नाही. पण आता नातवाच्या बिस्किटावर व्याख्यान देत नाही.

आणि प्रसादाचे काय? याचे उत्तर मला प्रसादाच्या मापातच सापडले. तीर्थ पळीभर असते, ओंजळभर नाही. सुंठवडा चिमूटभर असतो. दत्तसंप्रदायात मधुकरी आहे, तीही मधमाशीवरून. प्रत्येक फुलातून थोडे, कुठल्याच फुलाला इजा नाही. अवधूताने याच माशीकडून दुसरा धडा घेतला, की जी साठवते ती साठ्यापायीच नाडली जाते. आता पोटावरची चरबी म्हणजे आणखी काय, साठवलेलाच मध की! प्रसाद मुळातच थोडा आहे. तो पोट भरायला नाही, आठवण द्यायला आहे. मोठ्या द्रोणातून शिरा वाढायला आपण सुरुवात केली, महाराजांनी नाही. तेव्हा ज्याला डॉक्टरांनी अगदीच मनाई केली असेल त्याने प्रसाद कपाळाला लावून घरच्यांना द्यावा, त्यात अनादर नाही. ज्याला कण चालतो त्याने कण घ्यावा. पण 'प्रसादाने साखर वाढत नाही' असे म्हणून तीन पेढे उचलू नयेत. तो श्रद्धेचा आधार घेऊन केलेला जिभेचा हट्ट आहे. तो मी केला आहे, म्हणून ओळखतो.

एक विनंती वाढणाऱ्यांना. आपल्याकडे पंगतीत आग्रह हे प्रेमाचे माप. 'एक पुरणपोळी माझ्या हातची' म्हणून पानात पडते आणि समोरचा माणूस संकोचाने खातो. रात्री त्रास त्याला होतो. देवाने दिलेले अन्न एखाद्याला विष होत असेल, तर ते त्याच्या पानात टाकण्यात पुण्य कसले? विचारून वाढावे, 'नको' म्हटले की हसून पुढे जावे. दत्तजयंतीनंतर पंधरा दिवसांनी शेजारच्या लातूर भागात येळवस येते, मग संक्रांतीचा तिळगूळ. सणांचे गोड काही थांबत नाही आणि थांबूही नये. पोरांनी खावे. आपण त्यांचे तोंड बघून गोड मानून घ्यायला शिकावे.

माझे वजन आता शहात्तर आहे. पायांची बधिरता थोडी कमी झाली, गोळी चालूच आहे. दुपारी चारला ओढ अजून येते.

यंदा दत्तजयंतीला ताट पुढे आले की काय करायचे, ते मी ठरवले आहे. दोन बोटांत येईल एवढा सुंठवडा घेईन, कपाळाला लावीन आणि जिभेवर ठेवून डोळे मिटीन. त्या रात्री अंधारात चार पेढ्यांत जी चव सापडली नाही, ती एका चिमटीत सापडते का, बघू. आणि डोळे ताटामागे गेले, तर महाराजांकडे वळवीन. तेही रोजच करावे लागेल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

— एक निवृत्त शिक्षक, पालम