पाणघोड्याचे दान

पाणघोडा हा काही दिवाळी अंकाचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. सणासुदीला गायवासरांविषयी लिहावे. वसुबारस तर त्यांचीच. फार तर हत्तीची आठवण काढावी, कारण लक्ष्मीच्या दोन्ही बाजूंना तो सोंड उंचावून उभा असतो. पण दिवसभर पाण्यात डुंबणारा, रात्री गवत ओरबाडणारा आणि शेपटीच्या फटकाऱ्याने आपलीच विष्ठा चहूकडे उडवणारा हा बोजड प्राणी फराळाच्या ताटाशेजारी आणून बसवायचा म्हणजे यजमानीणबाईंनी नाक मुरडलेच म्हणून समजा. तरीही गेले काही महिने हा प्राणी माझ्या मनातून जात नाही. एका फार जुन्या प्रश्नाकडे त्याने मला पुन्हा वळवले आहे. दिलेले दान चांगले की वाईट, हे ठरते कशावरून? देणाऱ्याच्या मनावरून, घेणाऱ्याच्या गरजेवरून, की आणखी कशावरून?

आधी पाहुण्याची ओळख करून दिली पाहिजे. मुंबईच्या राणीच्या बागेत आपण त्याला पाहतो आणि आफ्रिकेचा म्हणून सोडून देतो. वस्तुतः तो आपला जुना शेजारी. आमच्या मराठवाड्यातली मांजरा ही गोदावरीची उपनदी; ती बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. तिच्या काठच्या गाळाच्या थरांतून आणि तिकडे नर्मदेच्या खोऱ्यातून पाणघोड्याची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी मांजरेकाठच्या अशा अवशेषांचा पुष्कळ अभ्यास केला आहे. आपला हा पाणघोडा आजच्या आफ्रिकी पाणघोड्याचा चुलतभाऊ. त्याच्या जबड्यात पुढचे दात सहा होते, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे नाव ‘हेक्झाप्रोटोडॉन’ ठेवले. मध्य भारतात तो सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीपर्यंत नांदत होता. मग पावसाळा दुबळा झाला, बारमाही डोह आटत गेले आणि तो नाहीसा झाला, असे संशोधक मानतात. म्हणजे नदीचे वाहणे मंदावले आणि त्याचा संसार उठला. ही गोष्ट वाचकांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

आता त्याच्या दानाची कथा. दीड-दोन हजार किलो वजनाचा हा प्राणी उन्हाच्या भीतीने दिवसभर पाण्यात राहतो. रात्र पडली की काठावर येतो, माळरानात दूरवर चरत जातो, सुमारे ४० किलो गवत पोटात घालतो आणि उजाडायच्या आत पुन्हा नदीत परततो. खाणे जमिनीवर, आणि पचवून टाकणे बहुतांशी पाण्यात! केनयातल्या मारा नदीवर शास्त्रज्ञांनी याचा हिशेब मांडला. तेथे सुमारे ४ हजार पाणघोडे आहेत, आणि ते मिळून रोज ३६ हजार किलोंच्या आसपास शेण नदीला अर्पण करतात. आपल्याकडच्या बैलगाड्यांत भरायचे म्हटले तर रोज केवढी रांग लागेल, याचा अंदाज शेतकरी वाचकांनीच करावा.

पण नदीला याची घाण वाटत नाही. त्या शेणावर सूक्ष्म जीव वाढतात, पाण्यातले किडे पोसतात, किड्यांवर मासे जगतात. एवढेच नव्हे, गवताच्या पात्यात काचेसारखा एक पदार्थ असतो, त्यास सिलिका म्हणतात. बांडगा गवताने बोट कापते ते त्याच्यामुळेच. पाणघोडा गवताबरोबर तो गिळतो आणि नदीत सोडतो. ज्यातून सिलिका घडते, ते सिलिकॉन हे मूलद्रव्य मारा नदीला पाणघोड्यांकडून दिवसाला सुमारे ४०० किलो मिळते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले आहे. पाण्यात डायटम नावाचे डोळ्यांना न दिसणारे शेवाळ असते. ते या द्रव्यातून आपले काचेचे कवच घडवते आणि असंख्य जलचरांच्या तोंडी घास घालते. मारा पुढे व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. म्हणजे माळावरचे गवत या अजस्र भारवाहकाच्या पाठीवरून, छे, पोटातून, सरोवरातल्या माशांपर्यंत पोचते. माळ आणि पाणी यांची अशी सोयरीक जुळवणारा मध्यस्थ दुसरा क्वचितच असेल.

ही हकीकत मी घरात सांगत होतो, तेव्हा माझ्या धाकट्या पुतणीने विचारले, “काका, पण त्याला हे माहीत असतं का?” मुलांचे प्रश्न असे मर्मावर बोट ठेवतात. त्याला अर्थातच ठाऊक नसते. त्याने संकल्प सोडलेला नाही, उदक सोडलेले नाही, पावती फाडलेली नाही. तरी नदी समृद्ध झाली. मग याला दान म्हणावे का? माझे उत्तर असे की, देणाऱ्याचे पुण्य मोजायचे असेल तर त्याचे मन पाहावे. पण दानाचे फळ मोजायचे असेल तर मन पाहून भागत नाही. फळ ठरते ते दुसऱ्याच गोष्टीवर. कशावर, ते पाहण्यासाठी आपल्याला मारा नदीवरून दक्षिणेला, टांझानियात जावे लागेल.

तेथे ग्रेट रुआहा नावाची नदी आहे. पाणघोडे तेच, गवत तेच, रात्रीचे चरणे आणि दिवसाचे डुंबणे तेच. पण नदीच्या वरच्या अंगाला, उसांगूच्या सपाट मुलखात भातशेतीसाठी पाणी काढून घेतले जाऊ लागले. एके काळी बारमाही असलेली ही नदी १९९३ पासून उन्हाळ्यात वाहायची थांबू लागली. उरले ते सुटे सुटे डोह, आणि त्या डोहांत दाटीवाटीने उभे राहिलेले पाणघोडे. शेण पूर्वीइतकेच पडते, पण पुढे जात नाही. ते साचते, कुजते, पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पष्ट झाले की, नदी वाहत असताना या डोहांत माशांच्या जितक्या जाती नांदतात, तितक्या पाणी थांबल्यावर तेथे टिकत नाहीत. जे शेण वाहत्या नदीत अन्न होते, तेच थांबलेल्या पाण्यात विष झाले. पाणघोड्याच्या वागण्यात मात्र तसूभरही फरक पडलेला नव्हता.

आपल्या परंपरेने दानाला तीन कसोट्या लावल्या आहेत: देश, काळ आणि पात्र. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले दान ते सात्त्विक, असे गीतेत सांगितले आहे. देशाची कसोटी चुकली म्हणजे काय होते, याचे उदाहरण पाणघोड्याच्याच कुळात सापडते. कोलंबिया देशातल्या पाब्लो एस्कोबार या कुप्रसिद्ध अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याने १९८०च्या दशकात आपल्या खासगी बागेत चार पाणघोडे आणून ठेवले. १९९३ साली तो मारला गेला आणि त्याचे पाणघोडे मोकळे झाले. चाराचे आता शंभराच्या वर झाले आहेत. तेथली तळी त्यांच्या शेणाने गढूळ होऊन शेवाळाने भरू लागली आणि २०२२ साली त्या सरकारने त्यांना उपद्रवी परकी जात म्हणून जाहीर केले. २०२३ साली त्यांतले ६० भारतात, गुजरातेत पाठवण्याचा बेतही तिकडे जाहीर झाला होता! १६ हजार वर्षांपूर्वी गेलेला शेजारी असा विमानाने माघारी यायचा योग काही औरच.

तीन कसोट्या ठीक आहेत. पण रुआहाच्या डोहाला त्या लावून पाहा. देश तोच, पात्र तेच. काळही बदलला तो आपोआप नव्हे, उन्हाळे पूर्वीही होतेच. बदलले ते वाहणे. म्हणून मला वाटते, त्या तीन कसोट्यांच्या पंगतीत चौथी बसवायला हवी: प्रवाह. घेणाऱ्याला ते पचवून पुढे नेता येते की नाही? दिवाळीतले फराळाचे ताट घ्या. आपल्या घरचे ताट शेजारी जाते, शेजारचे आपल्याकडे येते; कोणाची चकली खुसखुशीत, कोणाची वातड, पण ताट रिकामे परतवायचे नाही हा दंडक. या फिरण्यातच त्याची गोडी आहे. साऱ्या आळीची ताटे एकाच घरात येऊन थांबली, तर चार दिवसांत लाडवांना बुरशी आणि घरच्यांना अपचन ठरलेले. दोष लाडू वळणारीचा नव्हे.

माझे एक स्नेही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांना हे पटले नाही. “अहो,” ते म्हणाले, “तुमच्या त्या मारा नदीतही मासे मरतातच की. तिथे कुठे कोणी पाणी अडवलंय?” त्यांचे म्हणणे खरे आहे. उन्हाळ्यात तेथल्या डोहांच्या तळाशीही काळा गाळ साचतो. वर जोराचा पाऊस झाला की पुराच्या लोंढ्याने तो ढवळून खाली वाहतो आणि त्या दूषित पाण्यात मासे गुदमरतात. पण तो लोंढाच डोह धुऊनही काढतो. मेलेल्या माशांवर गिधाडे, करकोचे, मगरी ताव मारतात आणि नदी पुढे चालू लागते. निसर्गाला नीती नसते, हे मलाही मान्य आहे. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो पाण्याच्या दारावर कोणाचा तरी हात आला म्हणजे.

यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हात आमचाच असायचा. दार उघडलं की वरचे म्हणायचे, आमचं पाणी नेलं. बंद ठेवलं की खालचे म्हणायचे, आमचं अडवलं. आणि दोघांच्याही घरात लेकरं असायची.”

या बोलण्यात कळीचा मुद्दा आहे. पाणी अडवणे हेच पाप, असे म्हणून मोकळे होता येत नाही. आमच्या छत्रपती संभाजीनगराची तहान कोण भागवते? पैठणचा नाथसागर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. ते अडवलेले पाणी पिऊनच आम्ही हे लेख लिहितो. वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे की नाही, यावर दुष्काळी वर्षांत भांडण होते, तेव्हा आम्ही खालचे असतो. आणि जायकवाडीच्या खालच्या गावांपुढे आम्हीच वरचे होतो. उसांगूचा भातकरी असो की गंगथडीचा ऊसकरी, कोणीही राक्षस नाही. पण मला एवढे निश्चित वाटते, की जो प्रवाह अडवतो त्याने प्रवाहाचे कर्तव्यही पत्करलेले असते. नदी वाहून जे काम फुकट करीत होती, धुण्याचे, पचवण्याचे, पुढे पोचवण्याचे, ते काम यापुढे त्याच्या अंगावर आले. पाणी घ्यायचे आणि हे काम मात्र नदीवरच टाकायचे, हा अन्याय आहे. आणि डोह नासल्यावर पाणघोड्याकडे बोट दाखवणे, हा त्याहून मोठा.

आमच्या शहरातून खाम नदी जाते. जटवाड्याच्या डोंगरातून ती येते, हर्सूलचा तलाव भरते, पाणचक्कीच्या पायथ्याशी वळते आणि शेवटी गोदावरीला मिळते. पाणचक्कीचे पाणी मोठ्या युक्तीने आणलेले. दूरच्या डोंगरातून ते जमिनीखालच्या नहरीने यायचे, चक्की फिरवून यात्रेकरूंचे पीठ दळून द्यायचे, हौदात उतरायचे. आलेल्या पाण्याने काम केल्यावाचून राहायचे नाही, अशी ती रीत. तिच्याच पायाशी असलेल्या खामेत मात्र शहराने कैक वर्षे आपले सांडपाणी सोडले, आणि लोक तिला नाला म्हणू लागले. गेल्या काही वर्षांत महापालिकेने आणि नागरिकांनी तिचे काठ साफ करण्याचे काम हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ध्यानात ठेवायचे ते हे, की खाम ज्या गोदावरीला मिळते तिचेच पाणी आमच्या नळाला येते. येथे पाणघोडा कोणीही नाही. जे साचते ते आमचेच.

पैठण म्हटले की नाथांची आठवण होतेच. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिती केली, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. आपण तिच्यातून भूतदया शिकतो, ते योग्यच आहे. मला अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कावडीत कोंडलेले पाणी जेथे तहान होती तेथे गेले. नाथांनी ते मोकळे केले.

पाणघोड्याला हे शिकवायची गरज नाही. तो आपला गवत खाऊन नदीत उतरेल, आणि नदी वाहती असेल तर तिचे भलेच करील. त्याचे दान गोड करायचे की कडू, हे त्याच्या हाती नाही. आमच्याकडे मात्र नळ आहे, धरणाचे दार आहे, सांडपाण्याचा पाट आहे. म्हणून उद्या पहाटे अभ्यंगस्नानाचे पाणी तापवाल, तेव्हा मोरीतून ते पुढे कोठे जाणार, हे घरातल्या मुलांना जरूर सांगा. तुम्हालाच ठाऊक नसेल, तर सणाच्या गडबडीतून एक सकाळ काढा आणि मुलांना घेऊन ते पाहून या.