मुक्याची संमती

अमेरिकेत २०१९ मध्ये तीन विद्यापीठांच्या पशुरुग्णालयांत कुत्र्यांच्या कॅन्सरवरच्या लसीची चाचणी सुरू झाली. घरोघरी पाळलेली ८०० निरोगी कुत्री. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतीच सुई. कागदावर सही मालकांची.

यातून उद्या कितीतरी कुत्री वाचतील अशी आशा होती, हे खरंच. पण मुक्या जिवाची संमती आपण कशी द्यायची? कृत, कारित, अनुमोदित हे आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलं, करवलं किंवा नुसतं ‘बरं’ म्हटलं, तरी वाटा आपलाच. मग ही सही म्हणजे त्याची संमती नव्हेच; ती आपली जबाबदारी.

म्हणून मैत्रिणींनो, असा कागद समोर आला तर आधी विचारा, “याला त्रास झाला तर मधेच थांबवाल ना?” तो अन्नावरून तोंड फिरवतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, तेच त्याचं ‘नको’. ते ऐकायची तयारी नसेल, तर सही करू नये.