टक्क्याआधीची ओळ

पाठ टेकून निवांत बसा. श्वास त्याच्या गतीने चालू द्या. आता मनासमोर एक काचपट्टी आणा. तिच्यावर स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीचा काप आहे, केसापेक्षा कितीतरी पातळ.

आधी नुसतं बघा. एकसारख्या पेशी, कुठे रांगेत, कुठे पुंजक्यांत. केंद्रकातला रंग कणाकणांनी विखुरलेला. तपासणारे त्याला मीठ-मिरी म्हणतात. या पेशींचं मूळ काम संप्रेरकं स्रवण्याचं. गाठ झाली, तरी ते मूळ वळण त्यांच्यात उरलंय का? या प्रश्नापाशी थांबा. उत्तराची घाई नको.

म्युनिकचे झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर १९०७ साली अशाच पेशींपाशी थांबले होते. लहान आतड्यातल्या त्या गाठी कर्करोगासारख्या दिसत, पण त्यांना निरुपद्रवी वाटल्या. त्यांनी नाव दिलं ‘कार्सिनॉइड’. या गाठी पसरूही शकतात, हे १९२९ मध्ये त्यांनीच लिहिलं. इतक्या वर्षांनी स्वतःचंच म्हणणं पुन्हा तपासणाऱ्या या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

आता दुसरी काचपट्टी. गाठ तीच, पण केआय-६७ची तपासणी केलेली. विभाजनाच्या चक्रात असलेली केंद्रकं तपकिरी, बाकीची निळी. तपकिरी रंग सर्वांत दाट असेल तिथे नजर न्या. निदान पाचशे पेशी मोजायच्या असतात. सावकाश मोजा: निळी, निळी, तपकिरी, निळी. तीन टक्क्यांहून कमी तर पहिली श्रेणी, वीसपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी.

वीसच्या पुढे जरा रेंगाळा. २०१०च्या वर्गीकरणात पचनसंस्थेतली अशी प्रत्येक गाठ कार्सिनोमा ठरायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली स्वादुपिंडासाठी आणि २०१९ साली साऱ्या पचनसंस्थेसाठी ‘पेशी कशी दिसते’ आणि ‘किती वेगाने वाढते’ हे दोन प्रश्न वेगळे केले. मूळ वळण टिकवलेली तिसऱ्या श्रेणीची गाठ एकीकडे, ते हरवलेला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा दुसरीकडे. स्वादुपिंडात जनुकांतले बिघाडही वेगळे: गाठीत अनेकदा एमईएन१, डीएएक्सएक्स किंवा एटीआरएक्स, कार्सिनोमात बहुधा टीपी५३ आणि आरबी१. कार्सिनोमा पसरलेला असेल तर सहसा प्लॅटिनमवर आधारलेली केमोथेरपी देतात. तीच औषधं मूळ वळण टिकवलेल्या गाठीला तितकी लागू पडत नाहीत.

रिपोर्ट आपल्या माणसाचा असला की नजर थेट टक्क्यावर जाते. तिला थोडं मागे आणा. ‘वेल डिफरन्शिएटेड’ (मूळ वळण टिकवलेली) की ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ (ते हरवलेली), ही ओळ आधी वाचा, आणि डॉक्टरांशी बोलताना पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारा.