लगीन कोणाचं?

शनिवार-रविवारी मी जव्हार-मोखाड्याच्या लोकगीतांच्या संग्रहासाठी सॉफ्टवेअर लिहितो. मागे एकदा जव्हारजवळच्या एका पाड्यावर धवलेरी आजींकडे गेलो होतो. धवलेरी म्हणजे वारली लग्न लावणारी बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. मोबाइल समोर ठेवून म्हटलं, "आजी, लग्नातलं गाणं म्हणा ना." त्यांनी विचारलं, "लगीन कोणाचं?"

माझ्या फॉर्ममध्ये गायिका, गाव, भाषा, तारीख असे रकाने होते. या प्रश्नाला रकाना नव्हता.

लग्नघरात सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा चौक लिहितात. 1970च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. ती जगभर पोहोचली, 2011मध्ये मशेंना पद्मश्री मिळाली. हे मोठंच काम. पण कागदावरच्या चौकासमोर कोणी लग्न लावत नाही.

मग काही टिपूच नये का? असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. तो संग्रह नसता तर त्यातल्या कितीतरी ओव्या बायकांबरोबरच गेल्या असत्या.

इथे मात्र लग्नं अजून लागतात. अडचण शिकणाऱ्यांची आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर कामाला जातात. ऐकून ऐकून शिकायच्या वयातल्या मुलीही सोबत जातात. अशा वेळी गाणं सर्व्हरवर चढवलं की मला हायसं वाटतं, आणि ते का तुटतंय हे बघायचं राहून जातं. संग्रहाचा मला दिसणारा खरा धोका हाच.

म्हणून मी काम सोडलं नाही, फॉर्म बदलला. गाणं कधी म्हणायचं आणि कधी म्हणायचं नाही, हे गायिका सांगेल. पुसून टाकायचा हक्क तिचा. पहिली प्रत मेमरी कार्डावर पाड्यातच राहील, शिकणाऱ्या मुलींसाठी.

आजींनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाहीच. कोरा चहा दिला आणि उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर लग्न आहे, तेव्हा ये म्हणाल्या.

"फोन आणू?"

"मला काय विचारतोस? नवरीला विचार."